आठवण आणि पुरावा: ‘इन द शॅडो ऑफ द मून’ बघताना

या ब्लॉगवर मी एरवी रिसर्च पेपर सोपे करून सांगते. आज पेपरऐवजी एक डॉक्युमेंटरी घेतेय, कारण तिच्यात मला पेपरातलाच प्रश्न दिसला. एखाद्याने एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि पस्तीस वर्षांनी तो ती आपल्याला सांगतोय. त्या सांगण्याला आपण काय म्हणायचं? आठवण, गोष्ट, की पुरावा?

डॉक्युमेंटरीचं नाव ‘इन द शॅडो ऑफ द मून’. २००७ सालची, दिग्दर्शक डेव्हिड सिंग्टन. चंद्रापर्यंत जाऊन आलेले दहा अंतराळवीर यात बोलतात: बझ ऑल्ड्रिन, मायकेल कॉलिन्स, अ‍ॅलन बीन, जिम लव्हेल, एडगर मिचेल, डेव्हिड स्कॉट, जॉन यंग, चार्ली ड्यूक, जीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट. आधीच सांगते, ही फिल्म बघाच. पण बघून झाल्यावर तिच्याशी थोडं भांडायलाही हवं. का, ते पुढे सांगते.

काय छान जमलंय

पहिली गोष्ट म्हणजे यात निवेदक नाही. ‘मानवजातीच्या इतिहासातील सुवर्णक्षण’ असं भारदस्त आवाजात सांगणारं कुणी नाही. समोर फक्त म्हातारे चेहरे, अगदी जवळून घेतलेले. सुरकुत्या दिसतात, बोलता बोलता थांबणं दिसतं, आपल्याच विनोदावर डोळ्यांत आलेलं हसू दिसतं. मध्येमध्ये नासाच्या संग्रहातली जुनी चित्रफीत. तरुणपणीचा माणूस आणि सत्तरीतला तोच माणूस शेजारी शेजारी बघताना काळ म्हणजे काय ते कळतं.

दुसरी गोष्ट कॉलिन्स. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले तेव्हा हा माणूस वर यानात एकटा प्रदक्षिणा घालत होता. सगळ्यांत मिश्कील तोच आहे. स्वतःला हिरो न समजणारा माणूस चांगला साक्षीदार असतो, हे त्याच्याकडे बघून पटतं.

तिसरी गोष्ट बीन. चंद्रावरून आल्यापासून आपण हवामानाबद्दल एकदाही कुरकुर केली नाही, ट्रॅफिकबद्दलही नाही, असं तो सांगतो. माणसं आजूबाजूला आहेत याचाच त्याला आनंद. जालना रोडवर संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या कुणालाही हे वाक्य ऐकवून बघा. पण बीन सांगतो तेव्हा पटतं. कारण तो उपदेश करत नाही, स्वतःची सवय सांगतो.

नील आर्मस्ट्राँग मात्र यात मुलाखत देत नाही. २००७ मध्ये तो हयात होता, तरी इथे तो फक्त इतरांच्या बोलण्यात आणि जुन्या चित्रफितीत भेटतो. फिल्मचं यात नुकसान झालं असं मला वाटत नाही. उलट एक प्रकारे फायदाच झाला. पहिल्या माणसाच्या सावलीतून बाकीचे बाहेर आले.

एकच पृथ्वी, तीन निष्कर्ष

आता भांडण. शेवटाकडे फिल्म एका सुरात जायला लागते. सगळे लांबून दिसलेल्या पृथ्वीबद्दल बोलतात. ती किती लहान, किती नाजूक, किती एकटी. संगीत चढतं. आपल्याला असं वाटावं, की तिथे जाऊन मागे वळून पाहिलं की माणसाला काहीतरी उमगतंच.

पण ते नक्की काय म्हणतात, ते कान देऊन ऐका. मिचेल सांगतो की परतीच्या वाटेवर त्याला एकदम जाणवलं: आपल्या शरीरातले रेणू, यानातले रेणू, सगळे जुन्या ताऱ्यांमध्ये घडलेले, म्हणजे सगळं एकच. सर्ननला वाटतं की हे सगळं इतकं सुंदर आहे की अपघाताने होणंच शक्य नाही, म्हणजे कुणीतरी निर्माता आहे, आणि तो कुठल्याही एका धर्मापुरता नाही. ड्यूक सांगतो की तो परत आल्यानंतर पुढे ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला.

तिघांनी पाहिली ती एकच पृथ्वी, आणि निष्कर्ष निघाले तीन. याचा साधा अर्थ असा की निष्कर्ष त्या दृश्यात नव्हता. तो माणूस सोबत काय घेऊन गेला आणि परतल्यावर कसं जगला, त्यातून आला. फिल्मने हे तिन्ही आवाज एका संगीताखाली सलग लावले आणि त्यांच्यातला फरक बुजवून टाकला. माझ्या मते इथे चर्चेला खरी सुरुवात होते, आणि फिल्मने नेमकी इथेच ती मिटवली.

आठवण कशी वागते

इथे थोडा रिसर्च. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर लगेच हवेतच फुटलं. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली? साधारण अडीच वर्षांनी त्यातल्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे पाव जणांची उत्तरं मूळ नोंदीशी अजिबात जुळली नाहीत. आणि गंमत म्हणजे चुकीचं सांगणारेही अगदी ठामपणे सांगत होते. स्वतःच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

म्हणजे आठवण ही कपाटात ठेवलेली फाइल नाही. आपण ती प्रत्येक वेळी नव्याने रचतो. आणि जी आठवण शेकडो वेळा, टाळ्यांच्या अपेक्षेने सांगितली जाते, ती हळूहळू गोटीसारखी गुळगुळीत होते. अंतराळवीर खोटं बोलतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण ज्या माणसाला चार दशकं प्रत्येक समारंभात ‘चंद्रावर कसं वाटलं?’ विचारलं गेलं, त्याचं उत्तर म्हणजे त्या दिवसाची नोंद असं समजू नका. ते त्या प्रश्नाचं घासून घासून तयार झालेलं उत्तर आहे.

याला उपाय आहे का? आहे, आणि तो कुणीतरी करूनही दाखवलाय. एरिक जोन्स नावाच्या संशोधकाने ‘अपोलो लूनर सरफेस जर्नल’ तयार केलं. त्याने चंद्रावर चाललेल्या बहुतेकांसोबत बसून त्या वेळच्या संभाषणाची नोंद ओळीओळीने वाचली, चित्रफिती पाहिल्या, आणि ‘इथे काय चाललं होतं?’ असं विचारत त्यांची टिप्पणी नोंदीशेजारीच लिहिली. हे सगळं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. इथे आठवणीसमोर कागद असतो. कागदाशी आठवण जुळली नाही तर तेही दिसतं. मागे वळून पाहण्याची ही पद्धत कमी भावुक आहे, पण मला ती जास्त हलवून गेली.

एक उदाहरण देते. ३१ जुलै १९७१, अपोलो १५. डेव्हिड स्कॉट आणि जिम अर्विन गाडीतून यानाकडे परतत होते. वेळ कमी, कंट्रोल रूमची घाई, वाटेत थांबायला परवानगी नाही. स्कॉटला वाटेत एक सुंदर काळा, सच्छिद्र दगड दिसला. त्याने सांगितलं की सीटबेल्ट नीट करायचाय, म्हणून थांबतोय. अर्विन लगेच आजूबाजूच्या खड्ड्यांचं वर्णन करत बसला, आणि स्कॉटने उतरून दगड उचलला. साधारण नऊशे ग्रॅमचा. नमुना क्रमांक १५०१६, टोपणनाव ‘सीटबेल्ट बेसाल्ट’.

फील्डवर गेलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. गाडीत बसलेले बाकीचे ‘चला, उशीर होतोय’ म्हणत असतात आणि आपल्याला तो एक दगड हवाच असतो. या गोष्टीत माणूसही आहे, गंमतही आहे, आणि गोष्टीच्या शेवटी हातात एक नमुना आहे, जो आजही कुणीही प्रयोगशाळेत तपासू शकतो. इथे आठवण आणि पुरावा एकमेकांना धरून उभे आहेत.

फिल्ममधला ड्यूक आणि डेकार्टमधला ड्यूक

म्हणूनच माझी दुसरी तक्रार. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो खडक आणि माती आणली, आणि या फिल्ममध्ये खडकांबद्दल फारच थोडं बोलणं आहे. दहा जणांत श्मिट हा पेशाने भूवैज्ञानिक. चंद्रावर गेलेला तो एकटाच. १९७२ च्या डिसेंबरमध्ये शॉर्टी विवराच्या काठावर त्याला नारिंगी माती दिसली. राखाडी जगात नारिंगी! पुढे कळलं की ते सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे बारीक मणी आहेत. अशा माणसाला समोर बसवून तुम्ही काय विचाराल? मी तरी आधी मातीबद्दल विचारेन.

ड्यूकचंच बघा ना. फिल्ममध्ये तो कुटुंबाबद्दल आणि श्रद्धेबद्दल बोलतो. ते त्याचं आयुष्य आहे, त्याला आपण काही म्हणायचं कारण नाही. पण एप्रिल १९७२ मध्ये यंग आणि ड्यूक डेकार्टच्या डोंगराळ भागात उतरले, तेव्हा पृथ्वीवरच्या भूवैज्ञानिकांना जवळजवळ खात्री होती की तिथले डोंगर ज्वालामुखीतून झालेले आहेत. दुर्बिणीतून आणि फोटोंवरून तसे नकाशेही बनवले होते. हे दोघं उतरले, हिंडले, दगड फोडून पाहिले, आणि सांगत राहिले की इथे जिकडेतिकडे ब्रेशिया आहे. ब्रेशिया म्हणजे आघाताने फुटून पुन्हा चिकटलेल्या तुकड्यांचा दगड. ज्वालामुखीचा पत्ता नाही. कल्पना मोडली आणि चंद्राच्या डोंगराळ भागाकडे बघायची नजर बदलली.

दोन माणसं प्रत्यक्ष गेली, त्यांनी पाहिलं, आणि तज्ज्ञांचा नकाशा चुकीचा ठरला. ‘मी तिथे होतो’ या वाक्याचं यापेक्षा मोठं मोल कुठलं? पृथ्वी नाजूक आहे हे सांगायला एक फोटोही पुरला असता. डेकार्टमध्ये मात्र माणूसच लागला.

कॉलिन्सचं ‘आपण’ आणि मुंबई

फिल्ममधली माझी सर्वांत आवडती जागा कॉलिन्सचीच आहे. मोहिमेनंतर तिघं जगाच्या दौऱ्यावर गेले. कॉलिन्स सांगतो की लोक ‘तुम्ही अमेरिकनांनी करून दाखवलं’ असं म्हणत नव्हते, ‘आपण करून दाखवलं’ म्हणत होते. हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो.

त्या दौऱ्यात मुंबईही होती, ऑक्टोबर १९६९ च्या शेवटी. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा, कुणाला तरी आठवत असेल (आणि हो, वरचा चॅलेंजरचा प्रयोग लक्षात ठेवूनच ऐका!). कॉलिन्सची आठवण मी खोटी ठरवत नाही. पण पाहुण्याला ऐकू आलेलं ‘आपण’ आणि यजमानाचं ‘आपण’ एकच असतं का? गर्दीत उभं राहून हात हलवणाऱ्याचा त्या कामात वाटा काय? फिल्म तिथेच थांबते. मला वाटतं, त्या ‘आपण’ला खरा अर्थ पुढे आला. तो खडकांमधून आला, आणि त्यातला काही आपल्या मातीतून.

मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांवर काम केलं. वैश्विक किरणांमधली जड अणुकेंद्रकं खनिजातून आरपार जाताना स्फटिकात बारीक जखम करून जातात. रसायनाने खनिज थोडं कोरलं की ही जखम सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखी दिसते. अशा रेघा मोजून तो कण चंद्राच्या पृष्ठभागाजवळ किती काळ उघडा पडला होता ते काढता येतं. म्हणजे मुंबईत बसून, रेघा मोजत, चंद्राची डायरी वाचली जात होती.

आणि मग लोणार. संभाजीनगरहून जालना ओलांडून पुढे गेलं की साधारण दीडशे किलोमीटरवर बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर लागतं. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये. ते ज्वालामुखीचं की उल्केच्या आघाताचं, हा वाद बरीच वर्षं चालला होता. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा पेपर आला. विवराच्या तळात भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, नुसत्या प्रचंड धक्क्याने काचेसारखं होतं तेव्हा त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीला एवढा दाब जमत नाही. आघात सिद्ध झाला.

पण त्या पेपरमधलं पुढचं विधान बघा. लोणारचे सूक्ष्म ब्रेशिया आणि काचेचे गोळे अपोलोच्या नमुन्यांशी अगदी जवळचं साम्य दाखवतात, असं त्यांनी नोंदवलं. बेसाल्टमधलं आघात-विवर म्हणून त्या वेळी जगात लोणार हे एकच माहीत होतं. अ‍ॅरिझोनातलं प्रसिद्ध विवर वालुकाश्म आणि चुनखडीत आहे. चंद्रावरची काळी मैदानं मात्र बेसाल्टची. म्हणून चंद्राचा खड्डा समजून घ्यायला लोणार लागतं, आणि लोणार समजून घ्यायला चंद्राचा दगड. याला मी ‘आपण’ म्हणते. टाळ्यांपेक्षा हे जास्त टिकाऊ आहे.

आणखी एक तुलना, जी तुम्ही घरबसल्या करू शकता. सीटबेल्ट बेसाल्टचा फोटो शोधा. वायूच्या बुडबुड्यांनी झालेली भोकं सगळीकडे, आणि सगळी रिकामी. आता आपल्याकडच्या एखाद्या विहिरीच्या खोदकामातला दगड बघा. तशीच भोकं, पण पांढऱ्या-हिरव्या-गुलाबी स्फटिकांनी भरलेली: झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थंड झाल्यावर भोकांत पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले. चंद्रावरच्या त्या दगडाला तीनशे कोटींहून जास्त वर्षं मिळाली, पण पाणी मिळालं नाही. पृथ्वी वेगळी आहे, जपण्यासारखी आहे, हे फिल्म लांबून दाखवते. हातातल्या दगडातही तेच दिसतं.

‘गेलेच नव्हते’ म्हणणाऱ्यांना

फिल्मच्या शेवटी नावं सरकत असताना अंतराळवीरांना विचारलेलं दिसतं की हे सगळं बनावट होतं असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? ड्यूकचा प्रतिप्रश्न झकास आहे: खोटंच करायचं होतं, तर आम्ही नऊ वेळा कशाला केलं असतं? हसू येतं. पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एखादा विद्यार्थी हाच व्हॉट्सॅपी प्रश्न विचारतो तेव्हा हे उत्तर पुरत नाही. साक्षीदाराच्या शब्दावर शंका असेल, तर त्याच साक्षीदाराचा आणखी एक शब्द देऊन भागत नाही. तिथे दगड लागतो. पाण्याचा स्पर्श नसलेला, वैश्विक किरणांच्या रेघा असलेला, आघाताच्या खुणा अंगावर वागवणारा, आणि वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी तपासलेला.

पण म्हणून दगड म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. लोणारचंच वय घ्या. औष्णिक दीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर नंतर अर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. म्हणजे दहापटीहून जास्त फरक, एकाच विवरात! कुठलं घड्याळ आघाताच्या वेळी पूर्ण शून्यावर आलं होतं आणि कुठलं नंतर बिघडलं, यावर पैज नाही लावता येत, तपासावं लागतं. दगडही साक्षीदारच, आणि त्याचीही उलटतपासणी करावी लागते. फरक एवढाच की दगडाला पुन्हा पुन्हा बोलावता येतं, आणि प्रेक्षक बघून तो साक्ष बदलत नाही.

माणसांचं तसं नाही. फिल्ममधल्या दहांपैकी मिचेल, सर्नन, यंग, बीन आणि कॉलिन्स २०१६ ते २०२१ या काळात एकेक करून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये लव्हेलही गेला. १९७२ च्या डिसेंबरनंतर चंद्रावर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. त्यामुळे ही फिल्म दरवर्षी आपोआप जास्त मोलाची होत चाललीय, हे मान्यच आहे. म्हणूनच तिने ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न जितक्या वेळा विचारला, तितक्याच वेळा ‘काय दिसलं, हातात काय आलं, आणि आधी काय वाटत होतं?’ हेही विचारायला हवं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कवीही देऊ शकतो. दुसऱ्याचं फक्त जाऊन आलेला माणूसच.

तुम्ही फिल्म बघितली की एक करा. जो अंतराळवीर तुम्हाला सर्वांत जास्त आवडेल, त्याच्या मोहिमेचं पान ‘लूनर सरफेस जर्नल’मध्ये उघडा आणि एक तासाची नोंद वाचा. (कॉलिन्स किंवा लव्हेल आवडला तर पंचाईत आहे, ते चंद्रावर उतरलेच नाहीत! मग अपोलो १५ चं घ्या.) धापा, विनोद, हरवलेला चिमटा, न निघणारं झाकण असलं काय काय भेटेल. फिल्ममधला म्हातारा आणि नोंदीतला तरुण यांत तुम्हाला काय फरक दिसला, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या लेखात मॅस्केलिनाइट सूक्ष्मदर्शकाखाली कसं ओळखायचं ते फोटोंसकट सांगते.